शैलीला कुंपण घालून काय वाचते?

एखाद्या प्रादेशिक चित्रशैलीला भौगोलिक मानांकन, म्हणजे तिच्या नावाला त्या प्रदेशापुरते कायद्याचे संरक्षण, मिळाले की वादाच्या दोन फळ्या ठरल्यासारख्या उभ्या राहतात. पहिलीला वाटते, झाले, वारसा सुरक्षित झाला. आता फक्त त्यात भेसळ होऊ द्यायची नाही. दुसरीला हा सगळा खटाटोप भाबडा वाटतो. राजे गेले, दरबार गेले, चित्रे संग्रहालयांत नीट ठेवलेली आहेत, त्यांची उत्तम छायाचित्रे घरबसल्या बघता येतात. मग मेलेल्या शैलीला नळ्या लावून जिवंत ठेवण्याचा अट्टहास कशाला? तंजावर झाले, म्हैसूर झाले, कांगडा झाले, २०२३ मध्ये बसोहली झाले, आणि मुद्दे मात्र तेच. मला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकताना दिसतात. दोघींच्याही लेखी शैली म्हणजे चित्राचे बाह्य रूप: मोठाले डोळे, ठरावीक पिवळा, ठरावीक झाडे. ते रूप गोठवायचे की कपाटात ठेवून द्यायचे, एवढाच त्यांचा झगडा. माझे म्हणणे असे की जपायची असते ती ते रूप घडवणारी व्यवस्था. त्यात दीर्घ शिकवणी येते, साहित्य बनवण्याची विद्या येते, जुनी अस्सल चित्रे हाताशी असणे येते आणि काम पारखून दाम मोजणारा कोणीतरी येतो. एवढे असेल तर शैली बदलत बदलत जगते. नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असतानाही ती नकलेची नक्कल होत जाते.

आधी प्रदेशाचे बघू. कलेचे इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी १९१६ मध्ये राजपूत चित्रकलेवरचा ग्रंथ काढला, तेव्हा ही परंपरा मुघल चित्रकलेहून वेगळी आहे हे ठासून सांगणे हेच मोठे काम होते. राजस्थानी आणि पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतली, अशी ढोबळ वाटणी त्यांनी केली. पुढच्या अभ्यासकांनी ती संस्थानांनुसार बारीक केली: ही बसोहली, ही गुलेर, ही चंबा, ही कांगडा. मग १९६८ मध्ये ब्रिजिंदर नाथ गोस्वामी या अभ्यासकांनी मुंबईच्या 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि हे नकाशे सैल पडले. गोस्वामींनी चित्रांइतकाच विश्वास हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांवर ठेवला होता. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांत आजोबा-पणजोबांची नावे सापडतात, तशाच त्या वह्या. अस्थी घेऊन आलेल्या चितारी घराण्यांनी तिथे आपले गाव, जात, बाप, मुले सांगून ठेवली होती. त्यांतून पंडित सेऊ, त्याचे मुलगे मानकू आणि नैनसुख आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या असे गुलेरचे अख्खे घराणे उभे राहिले. मानकूने १७३० मध्ये 'गीतगोविंद' चितारले. ते पुष्कळ काळ बसोहलीचे म्हणूनच ओळखले जात होते. धाकट्या नैनसुखने जसरोट्याच्या बलवंतसिंहाच्या पदरी आयुष्याचा मोठा काळ काढला. दाढी कातरून घेणारा मालक, थंडीत पांघरूण लपेटून शेकोटीपाशी बसलेला मालक, असे दरबारी थाटात न बसणारे क्षण त्याने टिपले. बलवंतसिंह गेल्यावर तो बसोहलीच्या अमृतपालाकडे गेला. पुढच्या पिढीच्या हातून जे उतरले त्याला आपण कांगडा कलम, म्हणजे कांगडा शैली, म्हणतो. म्हणजे तीन राज्यांच्या तीन शैली म्हणून आपण जे पाठ केले, ते बऱ्याच अंशी एका कुटुंबाचे चालत राहणे होते. आजच्या नियमाने नैनसुखला काय म्हणायचे? गुलेरच्या माणसाने जसरोट्यात बसून काढलेले चित्र अधिकृत की बाहेरचे?

मराठी वाचकाला यासाठी हिमालयात जायचीही गरज नाही. तंजावर चित्र म्हणजे तमिळ मंदिरसंस्कृतीचा अर्क असे आज कोणालाही वाटेल. पण आपण ओळखतो ते त्याचे रूप भरास आले भोसल्यांच्या दरबारात, व्यंकोजींच्या वंशजांकडे, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ दरम्यान. करणारे हात पुष्कळसे तेलुगू मुळाच्या राजू समाजाचे. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप, उठावाचे काम, काचेचे खडे आणि वर सोन्याचा वर्ख. त्याच तंजावरात चितारी कंपनीच्या साहेबांसाठी नाना जातींच्या जोडप्यांची चित्रे काढत होते, विलायती धर्तीच्या छायाप्रकाशासह. तमिळ भूमी, मराठी राजा, तेलुगू हात, इंग्रज गिऱ्हाईक. यातले शुद्ध कोणते ते वेगळे काढून दाखवा. अकबराच्या चित्रशाळेत इराणहून आलेले उस्ताद होते आणि नावापुढे गुजराती, ग्वाल्हेरी, काश्मिरी लावणारे चितारीही. मेवाडच्या राणा जगतसिंहाचे रामायण १६४९ ते १६५३ च्या दरम्यान तयार झाले, त्यातली कांडे चितारणारा साहिबदीन मुसलमान होता. सरमिसळ हा या परंपरेला मागाहून जडलेला रोग नाही, तिच्या जन्मापासून ती तिथेच आहे.

तरी मानांकनवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य करायलाच हवा, आणि तो बाजाराचा आहे. छापील कापडावरची वारली, यंत्रावर छापून वरून दोन हात रंग फिरवलेली 'हाताने काढलेली' मधुबनी, साच्यातून निघालेला तंजावर कृष्ण, हे सगळीकडे आहे. महिनाभर खपून चित्र करणाऱ्याला त्याच्याशी किमतीत झुंजता येत नाही. कायद्याचे हत्यार त्याच्या हातात असलेच पाहिजे. शिवाय १९९९ चा मानांकन कायदा एका व्यक्तीऐवजी समूहाला हक्क देतो, हे आपल्या सामायिक परंपरांना कॉपीराइटपेक्षा जास्त मानवणारे आहे. इथपर्यंत मी त्यांच्या बरोबर आहे. अडचण पुढे आहे. हा कायदा वस्तूचा गुण तिच्या भूमीशी बांधतो. पहिले मानांकन मिळालेल्या दार्जिलिंगच्या चहाला ते चपखल बसते, कारण तिथली उंची, माती आणि धुके खरोखरच त्या पेल्यात उतरतात. कांगड्याची रेघ कांगड्याच्या पाण्यातून येत नाही. ती वर्षानुवर्षे कोणाच्या तरी शेजारी मांडी घालून, खाका उतरवत, चित्राची बाह्यरेघ खुलवत, परदाजाचे बारीक ठिपके देत हातात मुरते. मानांकन सांगते चित्र कुठे झाले. कसे झाले याबद्दल ते फार थोडे सांगते, आणि किती चांगले झाले याबद्दल काहीच नाही. आठवडाभराच्या शिबिरात शिकलेला गावातला मुलगा हद्दीत आणि तीस वर्षे मुरलेला, पण पोटासाठी परमुलखात गेलेला चितारी हद्दीबाहेर, अशी स्थिती येऊ शकते. अर्जासोबत वस्तूचे वर्णन लिहून द्यावे लागते ते वेगळेच. चहाचे किंवा तांदळाचे वर्णन पन्नास वर्षांनीही तेच राहिले तर उत्तम. चित्राचे राहिले तर?

भेसळीला घाबरणाऱ्यांपुढे मी मधुबनी ठेवेन. ती दरबारी शैली नाही हे ठाऊक आहे, पण जपणुकीच्या वादात तिच्याइतका बोलका दाखला दुसरा नाही. १९३४ च्या बिहार भूकंपात पडलेल्या घरांच्या भिंतींवर ही चित्रे विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवले, आणि त्यांनी तिथल्या बायकांना कागद दिला. लग्नघरातले, विधीचे, पुसून जाण्यासाठीच काढलेले चित्र कागदावर आणायचे, त्याला किंमत लावायची आणि शहरात विकायचे! शुद्धतावाद्यांच्या दृष्टीने याहून मोठा भ्रष्टाचार कोणता? पण त्याच कागदाने सीतादेवी आणि गंगादेवी दिल्या. गंगादेवींनी अमेरिकेत पाहिलेला रोलर कोस्टर चितारला, कर्करोगाच्या उपचारांतले आपले दिवस चितारले, आणि रेघ तीच, कोहबराची, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीतल्या भिंतीची. असे काही मानांकनाच्या अर्जात आधी कोण लिहून ठेवू शकले असते? त्याच कागदाने ठोकळेबाज मासे-मोरांचे ढीगही आणले, हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की गंगादेवींच्या हाताला भिंतीवरच्या कामाचे वळण आधीच होते. ढीग आले ते त्या वळणाशिवाय नुसता नमुना उचलणाऱ्यांकडून.

आता दुसरी फळी, स्कॅन करा आणि सोडून द्या म्हणणारी. तिचेही एक म्हणणे खरे आहे. मेवाडच्या त्या रामायणाचा मोठा भाग राजपुतान्यातला कंपनीचा अधिकारी जेम्स टॉड याच्यामार्फत इंग्लंडला गेला आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. उरलेला भारतात विखुरला, त्यातला काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. २०१४ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून ते डिजिटल रूपात पुन्हा एकत्र आणले. कोणताही परतीचा खटला हे इतक्या लवकर करू शकला नसता. पण प्रतिकृतीवर किती भार टाकायचा याचा धडा आपल्याला अजिंठ्याने फार पूर्वी दिला आहे. रॉबर्ट गिलने १८४४ पासून जवळपास दोन दशके खपून केलेल्या तैलचित्रांतल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या; त्यांतल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. मूळ भिंतींचे काय? १९२० च्या दशकात निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग पक्के करण्यासाठी लाखेचे व्हार्निश लावले. ते पुढे पिवळे पडून काळवंडले आणि सोलून काढण्याचे किचकट काम पुढच्या पिढ्यांच्या माथी आले. हेतू सगळ्यांचे चांगले होते. वस्तू वाचवण्याचा ध्यास आणि ती वस्तू करण्याची विद्या यांची फारकत झाली की चांगल्या हेतूंचे असे होते.

याच्या उलट केरळातले गुरुवायूर. १९७० मध्ये तिथल्या मंदिराला आग लागली आणि गाभाऱ्याच्या भिंतींवरची जुनी चित्रे बरीच नष्ट झाली. त्या भिंती पुन्हा रंगवायच्या तर केरळी भित्तिचित्राची विद्या येणारी माणसे शोधण्याची वेळ आली. मम्मियूर कृष्णन कुट्टी नायर यांच्यासारखे थोडे जाणकार उरले होते. भिंती रंगल्या, पण देवस्वम, म्हणजे मंदिराचे व्यवस्थापन, तेवढ्यावर थांबले नाही. १९८९ मध्ये त्याने भित्तिचित्र शिकवणारी संस्थाच काढली, नायरच तिचे प्रमुख झाले, आणि काही वर्षांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. ध्यानश्लोकानुसार देवतेचे रूप, पंचवर्णांचा क्रम, रंग तयार करणे, भिंतीचा लेप, सगळे. जी चित्रे जळाली ती परत आली नाहीत. पण आज केरळात ही विद्या येणारे चित्रकार त्या आगीच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. स्कॅन असते तर काय झाले असते? जळालेल्या चित्राचा उत्तम फोटो राहिला असता, आणि तो बघून रंगवणारा कोणीही नसता.

इथे मला सर्वांत अडचणीचा वाटणारा आक्षेप येतो, आणि तो या दोन्ही फळ्यांबाहेरच्या लोकांचा आहे. ते विचारतात: ज्या व्यवस्थेचे गोडवे गाता ती होती तरी कशी? जातीत बंदिस्त, बापाकडून मुलाकडे जाणारी, राजाच्या लहरीवर जगणारी. बहुतेक चितारी निनावी मेले. घरातल्या बायकांच्या हातचे काम कोणाच्या नावावर लागले हे कोणाला माहीत? हे पुन्हा उभे करायचे? नाही. हा आक्षेप सोळा आणे खरा आहे आणि कारखान्याबद्दल, म्हणजे जुन्या दरबारी चित्रशाळेबद्दल, हळहळणाऱ्या प्रत्येकाने तो आधी गिळला पाहिजे. पण शिकवणीची खोली आणि शिकवणीचा दरवाजा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुरुवायूरने दरवाजा उघडा ठेवला. भिलवाड्याच्या श्रीलाल जोशींनी घराण्याबाहेर न जाणारी फड चित्रकला, म्हणजे लोकदैवतांच्या कथांचे लांब कापडी पट रंगवण्याची कला, बाहेरच्यांना शिकवायला घेतली, आणि त्यामुळे फड पातळ झाली असे म्हणायला जागा नाही. जातीची मक्तेदारी संपवायची म्हणून दहा-बारा वर्षांची शिकवणी आठ दिवसांवर आणायची, हा सोयीचा घोटाळा आहे. तो करणारे बहुधा समतेपेक्षा अंदाजपत्रकाची काळजी करत असतात.

आणि मागणी? सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, घ्या. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, वजीर आणि एक ते दहा, अशी १२० गोल पाने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती करणारे हात जवळजवळ संपले होते. राजघराण्याने पुढाकार घेऊन, स्वतः शिकून घेऊन ही कला वाचवली. त्याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. पण आज ती पाने घेतो तो चौकटीत लावायला किंवा भेट द्यायला. खेळणारे संपले. खेळणाऱ्याला पान दुरून, क्षणात ओळखता यावे लागे, सारखे हाताळूनही टिकावे लागे; पारख तिथून येत होती. चौकटीतल्या पानाची पारख कोण करणार? पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी हा याहून कठीण प्रश्न आहे. पोथीतले एकेक चित्र पुढे धरत रात्रभर कथा सांगायची, तेव्हा ते चित्र दिव्याच्या उजेडात, गाण्याच्या लयीत वाचले जायचे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती रास्तच. परंतु पुरस्कार एका माणसाला मिळतो, आणि चित्रकथीला लागतो रात्र जागवणारा श्रोता.

राजा परत आणता येत नाही, पण राजाची एक सवय आणता येते. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लने लिहून ठेवले आहे की चित्रकारांचे काम दर आठवड्याला बादशहापुढे मांडले जाई, आणि कामाच्या दर्जानुसार बक्षीस मिळे वा पगार वाढे. नियमित पाहणे, पारखणे, आणि त्यानुसार पैसे. आता आजच्या सर्वांत मोठ्या आश्रयदात्याकडे, म्हणजे सरकारकडे बघा. २०१७ मध्ये मधुबनी रेल्वे स्थानकाच्या भिंती स्थानिक चित्रकारांनी रंगवल्या. देशभर कौतुक झाले. आणि ते काम झाले श्रमदान म्हणून. सिमेंट घालणाऱ्या ठेकेदाराला कोणी श्रमदान करायला सांगते का? दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात गंगादेवींनी रंगवलेले कोहबर घर होते, ते नूतनीकरणात नाहीसे झाले. कलाकाराच्या निधनानंतर तिचे सर्वांत मोठे काम ज्या ठिकाणी सुरक्षित राहील असे कोणीही म्हटले असते, नेमके तिथेच. कायद्याचा धाक म्हणाल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या चित्राला निर्यातीपासून वाचवतो. परवा मेलेल्या चित्रकाराच्या भिंतीला, सरकारने ती मुद्दाम कलानिधी म्हणून जाहीर केल्याशिवाय, तो ओळखतही नाही.

साहित्याबद्दल तर कोणी बोलतही नाही. वसली म्हणजे हातकागदाचे थर खळीने चिकटवून केलेला जाड कागद. तो अकिकाने घोटून गुळगुळीत केल्याशिवाय लघुचित्राची रेघ सरळ जात नाही. हिंगूळ, हरताळ, नीळ, जंगाल हे रंग कुटायचे, धुवायचे, डिंकात कालवायचे. दौलताबादेजवळचे कागजीपुरा नावाप्रमाणे कागद करणाऱ्यांचे गाव. तिथल्या कागदाचा आणि आज लघुचित्रे काढणाऱ्यांचा संबंध जोडून द्यावा असे कोणत्या योजनेला सुचले आहे? मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांवर वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण तसेच टोक धरणारा पर्याय शोधायला पैसा कोणाचा? मानांकनाच्या प्रचारावर, मेळ्यांवर, बोधचिन्हांवर होणाऱ्या खर्चातला थोडा जरी वाटा इकडे वळला तरी चित्रे बदललेली दिसतील.

एक गोष्ट मात्र पैशाशिवायही होण्यासारखी आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे 'तारीफ-इ-हुसेनशाही'ची सचित्र पोथी आहे: अहमदनगरच्या निजामशाहीतली, १५६५ च्या आसपासची, दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी. राणी खुंजा हुमायून असलेल्या तिच्यातल्या बहुतेक चित्रांत राणीची आकृती पुढे खोडून टाकलेली आहे. राजकारण उलटले, की चित्रही सुटत नाही. या शैलीला मानांकन मागणारे कोणी नाही, कारण ती करणारे कोणीच उरले नाही. त्याच शहरात राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी पाने आहेत. आज पिंगुळीच्या एखाद्या तरुण चितार्‍याला किंवा दख्खनी रेघ शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अशी पाने काचेबाहेर काढून, भिंग घेऊन, दिवसभर बसून उतरवायची असतील तर काय करावे लागते? जुन्या कारखान्यात हा शिकण्याचा पहिला टप्पा होता. देशातल्या संग्रहालयांनी आपली कोठारे महिन्यातून दोन दिवस, जाणकाराच्या देखरेखीखाली, काम करणाऱ्या चित्रकारांसाठी उघडावीत. पर्यटकांसाठी नव्हे, संशोधकांपुरतीही नव्हे, हातात कुंचला असलेल्यांसाठी. झीज होईल ही भीती खरी आहे. तिच्यासाठी प्रकाश किती, वेळ किती, कोणती पाने आलटून पालटून बाहेर काढायची, याचे नियम करता येतात. त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना कोणाची हद्द आखावी लागते.